कोलेस्टेरॉलची गोळी बिघडली तरी शरीर सांगत नाही: घरात ती कुठे आणि कशी ठेवावी

बाबांची कोलेस्टेरॉलची गोळी सुरू होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. एकदा त्यांना गोळी काढून द्यायला मी बाथरूममधलं आरशाचं कपाट उघडलं, तर स्ट्रिपच्या मागचा चंदेरी कागद एका कोपऱ्यात उचकटलेला होता. त्या खणातली गोळी तळहातावर घेतली. एरवी पांढरीशुभ्र असणाऱ्या गोळीवर पिवळसर ठिपके पडले होते आणि कडेचा पापुद्रा बोटाला किंचित चिकटत होता. बाबा म्हणाले, "अगं, मी तर रोज याच घेतोय. काही त्रास नाही झाला."

त्रास न होणं हीच या औषधाची खरी अडचण आहे. डोकेदुखीच्या गोळीत दम उरला नसेल तर डोकं दुखायचं थांबत नाही, तासाभरात कळतं. रक्तदाबाचं घरच्या मशीनवर दिसतं, साखरेचं ग्लुकोमीटरवर. कोलेस्टेरॉलचं तसं नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलं म्हणून कुठे दुखत नाही, चक्कर येत नाही, झोप उडत नाही. गोळीची ताकद कमी झाली असली तरी माणूस महिनोन्महिने निर्धास्तपणे ती घेत राहतो. पुढच्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या रक्ततपासणीत, आकडा चढलेला दिसतो आणि डोस वाढवला जातो. डोस वाढवायची गरज होती की गोळ्यांची जागा बदलायची, हे विचारायचं कुणाच्या लक्षातच येत नाही.

त्या दिवसापासून घरातल्या औषधांची व्यवस्था मी माझ्याकडे घेतली. औषधांसोबत येणारी पत्रकं वाचली, फार्मासिस्टना प्रश्न विचारले, काही चुका केल्या आणि त्या सुधारल्या. पुढे लिहिलंय ते त्यातूनच आलंय. हे सगळं साठवणीपुरतं आहे. कोणती गोळी, किती, कधी थांबवायची, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

सुरुवात पाकिटावरच्या बारीक अक्षरांपासून

हातातलं औषध कोणतं आहे ते आधी बघा. बहुतेकांच्या घरी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असतं. काहींना सिमव्हास्टॅटिन, प्रॅव्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन दिलेलं असतं. ही सगळी स्टॅटिन गटातली औषधं. काहींना सोबत इझेटिमाइब किंवा फेनोफायब्रेट अशी वेगळ्या गटातली औषधं असतात, तर काहींची एकाच गोळीत दोन औषधं असतात. प्रत्येक पाकिटावर साठवणीची एक ओळ छापलेली असते: '२५ अंश सेल्सिअसखाली ठेवा', '३० अंशांखाली ठेवा', 'प्रकाश व ओलाव्यापासून जपा'. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पाकिटांवर ही ओळ वेगळी असू शकते, कारण प्रत्येक कंपनी आपल्या गोळीची चाचणी आपल्या पाकिटात करते. शेजारच्यांच्या गोळीवर ३० लिहिलंय म्हणून आपल्या गोळीलाही ३० चालेल असं धरू नका.

'थंड व कोरड्या जागी ठेवा' ही ओळ वाचून अनेकजण गोळ्या फ्रीजमध्ये टाकतात. वाक्यातला 'थंड' डोळ्यांत भरतो आणि 'कोरड्या' राहून जातो. फ्रीज थंड असतो, पण कोरडा नसतो. शिवाय गार स्ट्रिप बाहेर काढली की तिच्यावर दव जमतं. रोज आतबाहेर झालं तर रोज ती ओली होते. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांना फ्रीज लागत नाही. इंजेक्शनांची गोष्ट वेगळी, ती पुढे येईल.

एक्सपायरीची तारीख हा काय प्रकार आहे तेही इथेच सांगते, कारण मला ते समजलं तेव्हा पुढचे सगळे नियम आपोआप समजले. औषध बाजारात येण्यापूर्वी कंपनी त्याच्या गोळ्या ठरावीक उष्णतेत आणि दमटपणात ठेवून वेळोवेळी तपासते. एका चाचणीत ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत ६ महिने ठेवतात. दुसऱ्या, लांबच्या चाचणीत त्या त्या प्रदेशाच्या हवामानाप्रमाणे २५ किंवा ३० अंशांत. यातून तारीख ठरते. पण या चाचण्या गोळी तिच्या मूळ पाकिटात बंद असताना होतात. म्हणजे छापलेली तारीख एकट्या गोळीची नसते, पाकिटासकट गोळीची असते. गोळी काढून दुसऱ्या डबीत टाकली की त्या तारखेचा भरवसा संपला.

ओल या गोळ्यांचं नेमकं काय करते

थोडं रसायनशास्त्र, पण उपयोगाचं आहे. सिमव्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिनच्या रेणूत एक कडं असतं, त्याला लॅक्टोन म्हणतात. हे कडं शरीरात गेल्यावर उघडायचं असतं. बाहेर पाण्याचा अंश मिळाला तर ते डबीतच उघडायला लागतं. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचं उलट आहे: त्याचा रेणू मुळात उघडा असतो आणि आम्लधर्मी वातावरणात त्याचं कडं मिटू लागतं. म्हणून अ‍ॅटोरव्हास्टॅटिनच्या गोळीत अनेकदा कॅल्शियम कार्बोनेट घालतात. ते आम्लता मारतं आणि औषध टिकवतं. गोळीवरचं गुळगुळीत आवरणही शोभेसाठी नसतं. त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाश अडवतं. रोसुव्हास्टॅटिन आणि प्रॅव्हास्टॅटिनला प्रकाश सोसत नाही, तिथे याचा उपयोग होतो.

कारखान्यात गोळीला एवढं जपलेलं असतं. आवरणाला तडा गेला, गोळी दमट झाली किंवा उन्हात पडून राहिली की ते सगळं वाया जातं.

जागा कशी निवडायची

आधी कुठे ठेवायच्या नाहीत ते. बाथरूम पहिलं. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर तिथली हवा वाफेने भरते, आरशावर धुकं येतं, आणि ते धुकं कपाटाच्या फटीतून आतही जातं. दिवसातून दोन-तीन वेळा. दुसरं, शेगडीच्या वरचा किंवा शेजारचा कप्पा, कारण तिथे उष्णता आणि वाफ दोन्ही असतं. तिसरी जागा लोक हमखास विसरतात: फ्रीजचा माथा. हात सहज पोचतो, गोळी डोळ्यांसमोर राहते, म्हणून तिथे औषधांची टोपली असते. पण फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो आणि बऱ्याच फ्रीजचा माथा कोमट असतो. हात ठेवून बघा. टीव्ही, राउटर, इन्व्हर्टर यांच्याजवळचंही तेच. खिडकीची कड तर नकोच.

मग कुठे? झोपायच्या खोलीतलं किंवा बैठकीतलं बंद कपाट, आतल्या भिंतीला लागून असलेलं. बाहेरच्या भिंतीवर ऊन येत असेल तर ती भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली राहते आणि तिला टेकलेलं कपाट आतून तापतं. ओल येणाऱ्या भिंतीचं कपाटही नको.

माझा सल्ला असा, की अंदाजावर सोडू नका. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं. ते निवडलेल्या कप्प्यात आठवडाभर ठेवा आणि दुपारी दोन-तीनच्या सुमाराला, उन्हाच्या कडाक्यात, आकडा बघा. बऱ्याच यंत्रांत त्या दिवसातलं सर्वांत जास्त तापमानही नोंदलेलं राहतं. आमच्याकडे मी तीन जागा अशा तपासल्या. मला सर्वांत चांगला वाटलेला उंच कप्पा दुपारी सर्वांत जास्त तापत होता, कारण गरम हवा वर जाते आणि वर थेट गच्ची होती. शेवटी गोळ्या कमरेच्या उंचीच्या, कुलूप लागणाऱ्या कप्प्यात गेल्या.

उन्हाळ्यात एखाद्या दुपारी कप्प्यातला पारा ३० च्या थोडा वर गेला म्हणून गोळ्या फेकू नका. दोन तासांच्या चढउताराने सीलबंद गोळी खराब होत नाही. घात होतो तो रोजच्या रोज, आठवडे न् आठवडे तापत राहण्याने. घर सतत तापत असेल तर एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या आणू नका, महिन्याच्या आणा. दुकानात जास्तीच्या खेपा पडतात, पण गोळ्या तापलेल्या घरात कमी दिवस राहतात.

पाकीट, बाटली आणि कात्री

स्ट्रिप दोन प्रकारच्या दिसतात. एक दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमची, आतली गोळी न दिसणारी. ही ओल आणि प्रकाश दोन्हींना आत शिरू देत नाही. दुसरी समोरून पारदर्शक प्लास्टिकची. प्लास्टिकमधून प्रकाश जातो आणि काळानुसार थोडी वाफही जाते, म्हणून अशा स्ट्रिपला तिच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच ठेवायचं. खोकं नसेल तर अपारदर्शक डब्यात.

आता कात्रीबद्दल. सुट्या गोळ्या घेताना स्ट्रिप कापून मिळते, आणि घरीही लोक 'रोजची एक' म्हणून ती कापून ठेवतात. यात दोन नुकसानं आहेत. एक दिसतं: कापलेल्या तुकड्यावर औषधाचं नाव अर्धं उरतं आणि तारीख दुसऱ्या तुकड्यावर जाते. मी एकदा बाबांच्या डब्यातून असे अकरा तुकडे काढले होते. त्यातल्या चार तुकड्यांवर फक्त 'टॅबलेट्स' एवढंच वाचता येत होतं. दुसरं नुकसान दिसत नाही: कात्री खणाच्या फार जवळून गेली तर चिकटवलेली कड सुटते आणि बारीक फट पडते. बाहेरून स्ट्रिप ठीकठाक वाटते, आत मात्र हवा शिरत असते. तेव्हा पूर्ण स्ट्रिप घ्या. कापावीच लागली तर दोन खणांच्या बरोबर मधून कापा, आणि गोळ्या घेताना तारीख छापलेल्या टोकाच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करा, म्हणजे तारीख शेवटच्या गोळीपर्यंत शाबूत राहते.

गोळ्या बाटलीत येत असतील तर आत सिलिका जेलची छोटी पुडी किंवा नळी असते. ती काढायची नाही, खायची तर मुळीच नाही. वरती कापूस असेल तर तो मात्र पहिल्यांदा उघडताना काढून टाका. तो वाटेत गोळ्या हलू नयेत म्हणून असतो आणि नंतर हवेतली ओल धरून ठेवतो. बाटली उघडली की त्या दिवसाची तारीख झाकणावर पेनाने लिहा. गोळी तळहातावर ओतू नका, आधी झाकणात एक गोळी घ्या. हाताला घाम असतो आणि चुकून चार गोळ्या आल्या की तीन परत बाटलीत जातात, घामासकट. झाकण लगेच आणि घट्ट लावा. दोन बाटल्यांतल्या उरलेल्या गोळ्या एका बाटलीत कधीही एकत्र करू नका, नाव तेच असलं तरी. बॅच वेगळी, तारीख वेगळी. उद्या एखादी बॅच बाजारातून परत मागवली गेली तर तुमच्याकडची कोणती ते ओळखायला मार्गच राहत नाही.

आठवड्याची डबी वापरावी का?

वापरावी, पण ती डबी म्हणजे पाकीट नव्हे हे लक्षात ठेवून. सोमवार ते रविवार असे कप्पे असलेल्या बहुतेक डब्यांची झाकणं हवाबंद नसतात. तरीही मी तिच्या बाजूने आहे, कारण गोळी चुकणं हा गोळी बिघडण्याइतकाच मोठा तोटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये नोंदवलं होतं की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांचे साधारण निम्मेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात. डबीत मंगळवारचा कप्पा भरलेला दिसला की मंगळवारची गोळी राहिली, हे भांडण न करता कळतं.

पथ्यं थोडीच. डबी एका आठवड्यापुरतीच भरा, महिन्याची नाही. भरण्याआधी ती पूर्ण कोरडी आहे ना बघा. धुतल्यानंतर रात्रभर उघडी ठेवा. कोरड्या हातांनी, चांगल्या उजेडात, डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून भरा. पाकिटावर 'मूळ पाकिटातच ठेवा' असं लिहिलं असेल तर ते औषध डबीत घालू नका. हवा फार दमट असेल अशा दिवसांत मी एक मधला मार्ग काढते: गोळी खणातून न काढता, दोन खणांच्या मधून नीट कापलेला तुकडाच त्या दिवसाच्या कप्प्यात ठेवते, आणि नाव-तारखेचं टोक डबीसोबत जपून ठेवते.

अर्धी गोळी

कधीकधी डॉक्टर अर्धी गोळी सांगतात. गोळीवर मधोमध रेघ असेल आणि डॉक्टरांनी किंवा फार्मासिस्टनी हो म्हटलं असेल तरच कापा. हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्या, म्हणजे नावापुढे 'एक्सआर', 'ईआर' किंवा 'एक्सएल' असलेल्या, कापायच्या नाहीत. कापल्यावर संरक्षक आवरण तुटतं आणि आतला भाग उघडा पडतो, म्हणून सगळ्या स्ट्रिपच्या गोळ्या एकदम कापून ठेवायच्या नाहीत. आज एक कापा, अर्धी घ्या, उरलेली अर्धी छोट्या कोरड्या बंद डबीत ठेवा आणि उद्या तीच आधी संपवा.

दोन नावं, एकच औषध

साठवणीतला सर्वांत मोठा धोका मला ओल किंवा ऊन वाटत नाही. डब्यात राहिलेली जुनी स्ट्रिप हा तो धोका.

आमच्याकडे झालं ते असं. बाबांची दहा मिलिग्रॅमची गोळी बदलून डॉक्टरांनी वीसची दिली. वीसची दुसऱ्या कंपनीची मिळाली. नाव वेगळं, रंग वेगळा, आकार लांबट. दहाच्या दोन स्ट्रिप डब्यात उरल्या होत्या, औषध टाकवत नाही म्हणून. बाबांना वाटलं, नवीन गोळी आधीच्या जोडीला दिली आहे. त्यांनी जवळजवळ तीन आठवडे रोज दोन्ही घेतल्या. मला कळलं ते मांड्या दुखतात अशी तक्रार त्यांनी केली तेव्हा. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी जुनी थांबवली, रक्त तपासलं, आणि निभावलं. स्टॅटिन घेणाऱ्याला अकारण स्नायू दुखू लागले, अशक्तपणा आला किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं, हे तेव्हा पक्कं शिकले.

म्हणून डोस किंवा कंपनी बदलली की त्याच संध्याकाळी हे करा. पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडून त्याखालचं बारीक नाव वाचा. तिथे अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन असं मूळ औषध लिहिलेलं असतं. नव्या आणि जुन्या पाकिटावरचं ते नाव सारखं असेल, किंवा दोन्हींच्या शेवटी 'स्टॅटिन' येत असेल, तर दोन्ही एकत्र घ्यायच्या आहेत का ते डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना विचारा. बहुधा उत्तर 'नाही' असतं. जुन्या स्ट्रिप डब्यातून त्याच क्षणी बाहेर काढा. 'असू दे, लागतील' म्हणून ठेवायच्या असतील तर निदान वेगळ्या पाकिटात, वर 'बंद केलेलं, घेऊ नये' अशी ठळक चिठ्ठी लावून, दुसऱ्या कप्प्यात ठेवा. पण खरं सांगायचं तर ठेवूच नका.

जोडगोळ्यांकडे विशेष लक्ष द्या. एका गोळीत रोसुव्हास्टॅटिन आणि फेनोफायब्रेट, किंवा अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन असं एकत्र असतं. ती सुरू झाल्यावर सुटी स्टॅटिन डब्यात राहिली तर आमच्यासारखंच होतं.

घरात दोघांना कोलेस्टेरॉलची गोळी असेल, आणि बऱ्याच घरांत असते, तर दोघांचे डबे वेगळ्या रंगाचे असू द्या. डब्याच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवा: कुणाचं औषध, मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कोणत्या वेळी, कधी सुरू झालं. डोस बदलला की कागद खोडत बसू नका, नवा लावा. रात्री डॉक्टरांकडे धावावं लागलं तर त्या कागदाचा फोटो पुरेसा होतो. तोच फोटो मोबाइलमध्येही ठेवा.

लहान मुलं

रंगीत, गुळगुळीत, गोल गोळी मुलाला खाऊच वाटते. त्यामुळे घरात मुलं असतील तर गोळ्या उंच, पण न तापणाऱ्या जागी आणि कुलपात, दोन्ही. नुसत्या उंचीवर विसंबू नका. मुलं खुर्ची सरकवतात. 'मुलांना न उघडणारं' झाकण म्हणतात तेही शंभर टक्के नसतं. अशा झाकणांच्या प्रचलित चाचणीत १० मिनिटांत १०० पैकी किमान ८० मुलांना ते उघडता येऊ नये एवढीच अट असते. म्हणजे शंभरातल्या वीस मुलांना ते उघडता आलं तरी झाकण पास होतं. आठवड्याच्या डब्यांना तर अनेकदा तेवढंही संरक्षण नसतं.

आपण कपाटाला कुलूप लावतो आणि पाहुण्यांची पर्स विसरतो. आजी-आजोबा राहायला आले की त्यांच्या पिशवीत, उशाखाली, चष्म्याच्या केसमध्ये गोळ्या असतात. आल्या दिवशीच त्यांना मानाने विचारून औषधं कपाटात ठेवून द्या. मुलांसमोर गोळी घेताना तिला 'गोड गोळी' किंवा 'चॉकलेट' म्हणू नका, आणि जमिनीवर पडलेली गोळी सापडेपर्यंत शोधणं सोडू नका.

मुलाने गोळी खाल्ल्याचा नुसता संशय असला तरी विषबाधा माहिती केंद्राला किंवा डॉक्टरांना ताबडतोब फोन करा. तोंडात उरलेले तुकडे काढा. उलटी करवू नका. स्ट्रिप सोबत न्या आणि किती खण रिकामे आहेत ते मोजून सांगा. मूल झोपाळलं, श्वास नीट घेत नसलं किंवा झटके आले तर थेट रुग्णालय. त्याच डब्यात मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर तेही आवर्जून सांगा. त्यातल्या काही गोळ्या एखादीसुद्धा मुलाच्या जिवावर बेतू शकते.

इथे एक पेच उरतो: गोळी कुलपात गेली की नजरेआड होते आणि विसरते. आमच्या घरी उपाय साधा आहे. गोळ्या कपाटात, आणि दात घासायच्या ब्रशजवळ एक रिकामा रंगीत पुठ्ठा. तो दिसला की गोळी आठवते. मोबाइलचा गजरही चालतो. सिमव्हास्टॅटिन साधारणपणे रात्री घ्यायला सांगतात, कारण ते शरीरात फार काळ टिकत नाही. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसात कधीही चालतात, फक्त वेळ रोज तीच हवी. तेव्हा आठवणीची खूण तुमच्या वेळेला जिथे असता तिथे लावा.

कॅप्सूल, पावडर, इंजेक्शन

कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असेल तर दमट हवेत ते मऊ पडून एकमेकांना चिकटतं, फार कोरड्या जागी तडकतं. कोलेस्टायरामिनसारखी पावडर असेल तर पुडी घेण्याच्या वेळीच फोडा, मोजायचा चमचा कोरडा ठेवा.

एव्होलोक्युमॅब, अ‍ॅलिरोक्युमॅब ही कोलेस्टेरॉलची इंजेक्शनं मात्र २ ते ८ अंशांत, फ्रीजमध्ये, त्यांच्या खोक्यातच ठेवायची. दारातल्या कप्प्यात नाही, कारण दार उघडलं की तिथलं तापमान हलतं. बर्फाच्या कप्प्याला टेकूनही नाही. एकदा गोठलं की वितळवून वापरायचं नाही, टाकायचं. बाहेर काढल्यावर किती दिवस आणि किती अंशांपर्यंत चालतं ते पत्रकात दिलेलं असतं. काढल्याची तारीख खोक्यावर लिहून ठेवा.

प्रवासात

गोळ्या हातातल्या पिशवीत, विमानात केबिन बॅगेत. मोठी बॅग हरवू शकते, उशिरा पोचू शकते. उन्हात उभी केलेली गाडी आतून ५० अंशांच्या वर जाते आणि डॅशबोर्डचा खण तर त्याहून तापतो, म्हणून 'पाचच मिनिटं' म्हणूनही गोळ्या गाडीत सोडू नका. मूळ स्ट्रिप न्या, चिठ्ठीची प्रत सोबत ठेवा, आणि परतायला उशीर झाला तर पुरतील अशा चार-पाच गोळ्या जास्तीच्या घ्या. हॉटेलच्या खोलीतही बाथरूममधल्या कट्ट्यावर नको.

महिन्यातून एकदा

नवीन गोळ्या आणल्या की जुन्या पुढे, नव्या मागे लावा. तारखेत फक्त महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. त्याच वेळी उरलेल्या गोळ्या मोजा. दिवसांपेक्षा गोळ्या जास्त उरल्या असतील तर काही चुकल्या, कमी असतील तर काही दुबार गेल्या. बाबांच्या बाबतीत हे मोजणं मी आधीपासून करत असते तर तीन आठवडे गेले नसते.

मोजताना स्ट्रिपची मागची बाजू उजेडात धरून बघा. फॉइलला छिद्र, सुरकुती, सुटलेली कड, खणात पावडर. गोळीवर डाग, तडा, फुगीरपणा, आवरण सुटणं, वेगळा वास. यातलं काही दिसलं तर ती गोळी घेऊ नका. पुरात, गळतीत किंवा आगीच्या धगीत सापडलेल्या गोळ्या वरून चांगल्या दिसल्या तरी टाका. पण खराब गोळी टाकली म्हणून औषधात खंड पडू देऊ नका. त्याच दिवशी बदलून आणा. आणि गोळ्या बराच काळ चुकीच्या जागी होत्या असं लक्षात आलं तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते जरूर सांगा. त्यांना वाटलं तर नव्या गोळ्यांवर ४ ते १२ आठवडे काढून ते लिपिड प्रोफाइल पुन्हा करायला सांगतील, आणि मग डोसचा निर्णय खऱ्या आकड्यावर होईल.

टाकायच्या गोळ्या

औषध परत घेण्याची सोय जवळ असेल तर तीच सर्वांत चांगली, फार्मासिस्टना विचारा. नसेल तर स्टॅटिनच्या गोळ्या संडासात किंवा बेसिनमध्ये सोडू नका, त्या पाण्यात जातात. खणांतून काढा आणि न चुरगाळता माती किंवा ओल्या राखेसारख्या कुणी हात लावणार नाही अशा वस्तूत मिसळा. ते मिश्रण गळणार नाही अशा पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. रिकाम्या पाकिटावर रुग्णाचं नाव किंवा फोन नंबर असेल तर पेनाने गिरगटून टाका. उरलेल्या चांगल्या गोळ्या दुसऱ्या कुणाला देऊ नका, त्यांचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं असलं तरी. गरोदर असलेल्या किंवा दिवस राहावेत असा विचार करणाऱ्या स्त्रीने तर स्टॅटिनबद्दल आधी डॉक्टरांशीच बोलायला हवं.

बाबांचं बाथरूममधलं कपाट त्या दिवशी रिकामं केलं, तेव्हा तळाला आणखी सहा गोळ्या सुट्या सापडल्या. कोणत्या, कधीच्या, कुणाच्या, काहीच कळेना. त्याही मातीत गेल्या.